सुरत कोणी कुठून पाहिली

१६१७ सालच्या डिसेंबरात सुरतेत थॉमस कोर्याट नावाचा एक इंग्रज प्रवासी वारला. सॉमरसेट परगण्यातल्या ओडकोम या खेड्याचा हा माणूस. आधी तो युरोप पायी हिंडला, त्यावर १६११ साली एक जाडजूड पुस्तक लिहिले, आणि पुढच्याच वर्षी पूर्वेकडे निघाला. कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, अलेप्पो, इराण, लाहोर, आग्रा असे करत १६१५ साली तो अजमेरला जहांगीर बादशहाच्या छावणीत पोचला. आशियातला बहुतेक रस्ता त्याने चालून काढला होता. वाटेत फारसी शिकला. झरोक्यात बसलेल्या बादशहापुढे त्याने फारसीत भाषण केले, तेव्हा वरून त्याच्यासाठी शंभर रुपये टाकण्यात आले. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हे कळल्यावर संतापला. आपल्या देशाच्या माणसाने असे हात पसरलेले त्याला रुचले नाही.

कोर्याटची पत्रे १६१६ साली लंडनमध्ये पुस्तिकेच्या रूपाने छापली गेली. पुस्तिकेवर एक चित्र आहे, त्यात कोर्याट हत्तीवर बसलेला दिसतो. तो हत्तीवर एकदा बसला होता आणि असे चित्र निघावे अशी त्याची इच्छाही होती, त्यामुळे चित्र खोटे म्हणता येत नाही. पण हजारो कोस चालत आलेला, रोज दोन-चार पैशांत भागवणारा, वाटेतल्या गावकऱ्यांच्या भाकरीवर जगलेला माणूस त्या चित्रात कुठेच नाही. लंडनच्या वाचकाला हिंदुस्थान म्हणजे हत्ती हवा होता आणि छापखान्याने तो दिला. धुळीच्या वाटा, सरायी, साथीचे वाटसरू, म्हणजे ज्यांच्यामुळे कोर्याटला हा देश कळला, ते सगळे त्या एका चित्राआड गेले.

दूरचा समाज आपल्या डोळ्यांसमोर कसा उभा राहतो, हे समजून घ्यायला सुरतेइतके चांगले शहर सापडणे कठीण. गेली चारशे वर्षे बाहेरच्यांनी या शहराकडे पाहिले, त्याविषयी लिहिले, छापले, पुढे चित्रवाणीवर दाखवले. मराठी वाचकाला तर सुरत आपल्या ओळखीचीच वाटते. ती ओळख बहुतेक वेळा १६६४ च्या जानेवारीतल्या, शिवाजी महाराजांच्या स्वारीच्या चार दिवसांपाशी थांबते.

मोगल काळातली सुरत हे हिंदुस्थानचे पश्चिमेकडचे महाद्वार होते. हाजचे यात्रेकरू इथूनच जहाजात बसत, म्हणून तिला मक्केचे दार म्हणत. तापीचे पात्र मुखाशी उथळ, म्हणून मोठी जहाजे सुवाळीच्या किनाऱ्याशी नांगर टाकत आणि माल व माणसे तिथून बैलगाड्यांनी शहरात येत. शहरात शिरण्याआधी जकातनाका लागे. तिथली झडती कडक होती. मोती, सोन्याची नाणी कोणी अंगावर लपवून आणतो का, हे तपासणे अधिकाऱ्यांचे कामच होते. युरोपातून आलेल्या प्रवाशांच्या पुस्तकांत या झडतीविषयीची कुरकुर पुन्हापुन्हा भेटते. १६१५ च्या सप्टेंबरात उतरलेल्या टॉमस रोचा तर पहिला तंटाच आपल्या माणसांची झडती घेऊ देण्यावरून झाला. महिनोन्‌महिने समुद्रावर काढून थकलेल्या माणसाची या देशातल्या माणसाशी पहिली गाठ पडे ती जकातदाराशी. मग तिकडच्या वाचकालाही हिंदुस्थानी माणूस पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर भेटे तो संशयी, हटवादी, लाच मागणारा असा. कोणत्याही देशाचा माणूस जकातनाक्यावर तसाच दिसतो, हे ध्यानात यायला त्या देशाच्या आत जावे लागते.

आत गेल्यावरही माणूस आपल्या गरजेपुरतेच पाहतो. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य १६५८-५९ च्या सुमारास सुरतेत उतरला आणि पुढे अनेक वर्षे मोगल दरबाराच्या आसपास राहिला. दारा आणि औरंगजेब यांच्यातल्या वारसायुद्धाचा काळ त्याने जवळून पाहिला. तो बुद्धिमान होता, चिकित्सक होता, त्याचे लेखन आजही वाचनीय आहे. पण फ्रान्सला परतल्यावर चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला त्याने जे लांबलचक पत्र लिहिले, त्यात त्याला आपल्याच देशाला एक इशारा द्यायचा होता. हिंदुस्थानात सगळी जमीन राजाची असते, खाजगी मालकी नसते, म्हणून शेती ओस पडते, असे त्याने मांडले. तेव्हा फ्रान्सने त्या वाटेला जाऊ नये. रयतेचे वंशपरंपरागत हक्क, वतने, जमीनदारांचे वाटे, जमिनींची खरेदी-विक्री, हे सगळे मोगल हिंदुस्थानात होते आणि त्याचे कागद आज इतिहासकारांपुढे आहेत. बर्निएच्या युक्तिवादाला मात्र त्याची गरज नव्हती.

त्याचे पुस्तक १६७०-७१ मध्ये निघाले आणि लगेच इंग्रजीत गेले. १६७५ साली जॉन ड्रायडनने त्यातून सामग्री घेऊन औरंगजेबावर नाटक लिहिले. बादशहा त्या वेळी हयात होता, दक्षिणेत शिवाजी महाराजांशी त्याचे वैर पेटलेले होते, आणि लंडनच्या रंगमंचावर तो पित्याशी एकनिष्ठ असलेला सद्गुणी राजपुत्र होऊन वावरत होता. आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत मेलेला शहाजहान त्या प्रेक्षकांना कितपत ठाऊक असेल? पुढे पावणेदोनशे वर्षांनी, २ जून १८५३ रोजी, कार्ल मार्क्सने एंगल्सला लिहिलेल्या पत्रात बर्निएचे उतारे दिले आणि पूर्वेकडच्या समाजांत जमिनीची खाजगी मालकी नसणे हीच सगळ्याची किल्ली आहे, असे म्हटले. मार्क्स हिंदुस्थानात कधी आला नाही. एका वैद्याने एका मंत्र्याला दिलेला इशारा अशा रीतीने सगळ्या आशिया खंडाचे वर्णन होऊन बसला.

सुरतेच्या पांजरपोळाची गोष्ट याहून लहान, पण तिच्यात पाहणाऱ्यांची सवय जास्त स्पष्ट दिसते. जैन आणि वैष्णव महाजनांनी म्हाताऱ्या बैलांसाठी, जखमी घोड्यांसाठी, पक्ष्यांसाठी चालवलेली ही जागा. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ साली सुरतेत आला आणि १६९६ साली त्याचे प्रवासवर्णन निघाले. त्यात त्याने या जागेचे वर्णन केले आहे, आणि ढेकूण-पिसवांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवतात, अशी हकीगतही दिली आहे. सुरतेच्या या जागेविषयी पुढेही लिहिले जात राहिले. १८३४ साली अलेक्झांडर बर्न्सचे टिपण छापले गेले, त्यात धान्याच्या कोठीत सोडलेल्या किड्यांचे वर्णन मोठ्या रंगतीने येते. किडलेले धान्य न जाळता वेगळे ठेवण्याची ही प्रथा खरी होती. पण ज्या काळी ओव्हिंग्टन लिहीत होता, त्या काळी युरोपात पशुवैद्यकाची एकही शाळा नव्हती. पहिली शाळा फ्रान्समध्ये लियाँ इथे १७६१ साली मंजूर झाली. थकलेल्या बैलाला मरेपर्यंत चारा देणारी संस्था एका व्यापारी शहराने स्वतःच्या पैशाने चालवावी, ही त्यातली मोठी बातमी होती. वाचकांच्या लक्षात राहिल्या त्या पिसवा.

आता १६६४. ६ जानेवारीच्या सुमारास शिवाजी महाराज सुरतेवर आले आणि चार दिवस शहर त्यांच्या हाती होते. शहराचा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात लपून बसला. वीरजी वोरा यांच्यासारख्या धनाढ्य व्यापाऱ्यांची घरे लुटली गेली, शहराचा मोठा भाग जळाला. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी धरून राहिले. इंग्रज वखारीचा पाद्री एस्कॅलिऑट याने त्याच महिन्यात नॉरिचच्या टॉमस ब्राउन या प्रसिद्ध वैद्य-लेखकाला पत्र पाठवले. मध्यम-ठेंगणी पण ताठ आणि रेखीव बांध्याची मूर्ती, तीक्ष्ण डोळे, इतरांहून उजळ वर्ण, असे महाराजांचे जे वर्णन मराठी चरित्रांतून आपण वाचत आलो, त्याचे एक मूळ या पत्रात आहे. पण एस्कॅलिऑटने महाराजांना स्वतः पाहिले नव्हते. ज्यांनी पाहिले त्यांच्या सांगण्यावरून त्याने लिहिले. अँथनी स्मिथ नावाचा वखारीचा माणूस सुवाळीहून शहरात येताना पकडला गेला होता आणि मराठ्यांच्या छावणीत राहून सुटून आला होता. छावणीत त्याने पाहिलेल्या क्रूर शिक्षाही इंग्रजांच्या कागदांत उतरल्या आहेत.

बर्निए वेगळे काही सांगतो. कॅप्युचिन पाद्री भले लोक आहेत म्हणून त्यांच्या घराला हात लावू नये, आणि डचांच्या एका दिवंगत दलालाचे घरही, तो मोठा दानशूर होता म्हणून, वगळावे, असे महाराजांनी सांगितले, ही हकीगत त्याच्या पुस्तकात आहे. सभासदाच्या बखरीत हीच सुरत स्वराज्याच्या खजिन्याच्या अंगाने येते. इंग्रज पाद्री भेदरलेला, फ्रेंच वैद्य कुतूहलाने भरलेला, बखरकार अभिमानाने भारलेला. तिघेही आपापल्या जागेवरून खरे बोलतात. मराठी मुलाच्या हाती यातली तिसरी सुरत येते, आणि ते स्वाभाविकही आहे. शाएस्तेखानाने तीन वर्षे पुणे प्रांत ओरबाडल्यावर महाराजांना तो खर्च मोगलांकडूनच वसूल करायचा होता, हे कारण त्याला समजलेच पाहिजे. पण ज्यांची घरे जळाली ते सुरतकर त्या गोष्टीत नावानिशी कधी येत नाहीत. वीरजी वोरा हा त्या काळातल्या जगातल्या मोठ्या सावकारांपैकी एक होता, इंग्रज कंपनी त्याच्याकडून कर्ज घेत असे, हे किती मराठी वाचकांना माहीत असते?

इंग्रजांच्या बाजूनेही असेच विस्मरण आहे, आणि ते जास्त गंभीर आहे. १६९५ च्या सप्टेंबरात हाजहून सुरतेकडे परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. त्याच्या थोडे आधी सुरतेचा बडा व्यापारी अब्दुल गफूर याचे जहाज लुटले होते. यात्रेकरू स्त्रियांवर अत्याचार झाले. इतिहासकार खाफीखानाने त्याची हकीगत लिहून ठेवली आहे. सुरतेत संताप उसळला आणि वखारीतल्या इंग्रजांना कित्येक महिने कैदेत राहावे लागले. लंडनमध्ये मात्र एव्हरीवर पोवाडेवजा गाणी निघाली. १७०९ साली त्याचे काल्पनिक चरित्र छापले गेले, त्यात मोगल राजकन्या त्याची बायको होते. १७१२ साली त्याच्यावर नाटक आले. जहाजावर ज्या बायकांनी अब्रू आणि जीव गमावले, त्यांच्या जागी एक राजी-खुशी राजकन्या उभी करण्यात आली. करमणुकीच्या पुस्तकांनी केलेला हा अन्याय तीनशे वर्षांनंतरही चाच्यांच्या गोष्टींतून चालूच आहे.

सुरतकर केवळ इतरांकडून पाहिले गेले, असे मात्र नाही. तेही पाहायला बाहेर पडले. इंग्रजांचे दलाल रुस्तम माणेक या पारशी गृहस्थांचे १७२१ साली निधन झाले. कंपनीच्या इथल्या अधिकाऱ्यांनी कुटुंबाचे येणे बुडवले आणि मुलांचा छळ मांडला. तेव्हा धाकटा मुलगा नवरोजी जहाजात बसून थेट लंडनला गेला. इंग्लंडला गेलेला तो पहिला पारशी मानला जातो. कंपनीच्या संचालकांसमोर त्याने दाद मागितली आणि १७२५ साली निवाडा त्याच्या कुटुंबाच्या बाजूने लागला. सुरतेच्या वखारीतला इंग्रज आणि लंडनचा इंग्रज एकच नाही, वरच्या माणसापर्यंत पोचले तर न्याय मिळू शकतो, ही समजूत या प्रवासाने सुरतेच्या व्यापाऱ्यांना दिली असणार.

सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी महीपतराम रूपराम गेले. १८२९ साली सुरतेत जन्मलेले हे नागर ब्राह्मण शिक्षक १८६० साली मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याच्या कामासाठी इंग्लंडला निघाले. परत आल्यावर ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले. समुद्र ओलांडला हा गुन्हा. त्यांनी तरीही प्रवासाचे वर्णन गुजरातीत लिहून १८६४ साली छापले, आणि तिकडच्या शाळा, कारखाने, आगगाड्या, चालीरीती आपल्या लोकांपुढे मांडल्या. ज्या वाचकांसाठी ते लिहिले त्यातले कित्येक त्यांच्या पंक्तीला बसत नव्हते. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेविषयीचे मराठी पुस्तक येण्याआधी पाव शतक सुरतेच्या या माणसाने ही किंमत मोजली होती. प्रवास करून आलेल्या माणसाचे ऐकायला घरचे तयार नसतील, तर तो प्रवास समाजापर्यंत पोचतच नाही, हे महीपतरामांच्या आयुष्यावरून कळते.

१९०७ च्या डिसेंबरात सुरतेला पुन्हा एकदा सगळ्या देशाने पाहिले. नागपूरला ठरलेले काँग्रेसचे अधिवेशन इथे हलवले होते. तापीकाठच्या मांडवात लोकमान्य टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे राहिले, गोंधळ माजला, एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. ‘मँचेस्टर गार्डियन’चा बातमीदार हेन्री नेव्हिन्सन तिथे हजर होता. पुढच्या वर्षी निघालेल्या त्याच्या पुस्तकात तो जोडा मराठी घाटाचा होता, इथपर्यंत तपशील आहे. मवाळ आणि जहाल दोघांनीही आपापली निवेदने प्रसिद्ध केली, दोन्ही एकमेकांविरुद्ध. काँग्रेसच्या इतिहासात ‘सुरत’ हा शब्द तेव्हापासून फुटीचा पर्याय झाला. यजमान शहराचा त्या भांडणाशी संबंध फार थोडा होता.

याहून जिवावर बेतणारी गोष्ट १९९४ साली घडली. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रोगी सापडले. सप्टेंबरात तापीला पूर आला, सुरतेच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, गणपती विसर्जन झाले, आणि लगोलग वेड रोडच्या परिसरात माणसे तापाने आणि न्यूमोनियाने मरू लागली. पिण्याच्या पाण्यात विष कालवले आहे, अशी अफवा आधी पसरली. मग प्लेगचे नाव आले आणि शहर रिकामे होऊ लागले. काही दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून गेली: सौराष्ट्राकडे, मुंबईकडे, तापीच्या खोऱ्यातून खानदेशाकडे. अनेक खाजगी डॉक्टरही दवाखाने बंद करून निघाले. नव्या सिव्हिल हॉस्पिटलचे डॉक्टर आणि परिचारिका मात्र कामावर होते. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या.

तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांनी भरलेले रेल्वे फलाट, उंदीर, कचऱ्याचे ढीग, ही चित्रे जगभर गेली. युरोपच्या मनात प्लेग म्हणजे चौदाव्या शतकातली काळी साथ. तिच्या सगळ्या आठवणी या चित्रांवर येऊन बसल्या. आखाती देशांनी भारताची विमाने बंद केली, काही देशांनी भारतीय माल थांबवला, सहली रद्द झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासावर बंदी घाला असे सांगितलेच नव्हते. अमेरिकेत भारतातून आलेल्या प्रवाशांवर नजर ठेवण्यात आली. १३ जणांना रोग असल्याचा संशय आला आणि तपासणीअंती एकालाही प्लेग निघाला नाही. देशभरात मिळून मृत्यू झाले पन्नास-पंचावन्न. त्याच काळात भारतात क्षयाने रोज हजाराहून अधिक माणसे मरत होती, आणि त्यांचे छायाचित्र काढायला कोणतीही संस्था धावत आली नाही. देशाचे नुकसान सुमारे पावणेदोन अब्ज डॉलर झाल्याचा अंदाज नंतर वारंवार दिला गेला.

बातमी खोटी नव्हती. हे नीट समजून घ्यायला हवे. रोग होता, जंतू प्लेगचाच होता का यावर काही वर्षे वाद चालला आणि पुढे जनुकीय तपासणीने तो मिटला. गलिच्छपणाही खरा होता. कापडाच्या आणि हिऱ्याच्या धंद्याने शहर फुगले, कामगार पत्र्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिले, गटारे आणि पाणी मात्र जुन्याच शहरापुरते उरले. घनश्याम शाह यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात सुरतेच्या या प्लेगची आणि नगरविकासाची सांगड घातली आहे. बातमीने हा भाग टाळला. तिने एक आठवडा उचलला आणि तोच शहराचा स्वभाव म्हणून दाखवला.

पुढचे काय झाले, ते जगाने पाहिले नाही. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येकाला अधिकार दिले, अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरायला लावले, रस्त्यांची सफाई रात्री सुरू केली, अस्वच्छ खाणावळींना टाळे ठोकले, अतिक्रमणे पाडताना पैसेवाल्यांचीही गय केली नाही. दीड-दोन वर्षांत, १९९६ साली, ‘इंटॅक’ या संस्थेने चंदीगडखालोखाल सुरतेला देशातले स्वच्छ शहर ठरवले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. या बातम्या भारतातच राहिल्या. लॉरी गॅरेट या अमेरिकन लेखिकेने २००० साली जगाच्या सार्वजनिक आरोग्यावर मोठा ग्रंथ लिहिला, त्याचे पहिले प्रकरण सुरतेच्या घाणीवर आणि प्लेगवर आहे. तिथे पोचलेला वाचक सुरतेला १९९४ सालीच भेटतो.

एक चांगली गोष्ट त्यातून निघाली. घबराटीत देशांनी मनमानी बंदी घातल्याने किती नुकसान होते, हे सुरतेच्या निमित्ताने दिसले. १९९५ साली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलण्याचे ठरले आणि २००५ साली नवे नियम आले.

१९९४ साली पळालेली माणसे मात्र फार दिवस दूर राहिली नाहीत. दिवाळीच्या आगेमागे बरेच जण परत कामावर होते. धुळे, नंदुरबार, जळगावच्या माणसांना सुरत बातमीतून समजून घ्यायची गरज नव्हती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वे झाली आणि सुरत अमळनेर-जळगावला जोडली गेली. खानदेशात पाऊस ओढ खाऊ लागला की माणसे या गाडीने सुरतेला जात. लूमवर, डाइंग मिलमध्ये, बांधकामावर, जरीच्या कामावर. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आज मराठी आणि अहिराणी कानावर पडते. श्रावणात कानबाई बसते, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. लिंबायतमधून संगीता पाटील आमदार झाल्या; जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीतून खासदार झाले आणि गुजरातमध्ये आपल्या पक्षाचे प्रदेशाध्यक्षही.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला ही सुरत क्वचितच दिसते. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतेच्या हॉटेलात उतरले, तेव्हा मराठी वाहिन्यांवर दोन दिवस त्या इमारतीचे फाटक दिसत होते. २०२३ च्या डिसेंबरात हिरे बाजाराच्या अवाढव्य इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी ती पेंटागॉनपेक्षा मोठी म्हणून सांगितले आणि महाराष्ट्रात चर्चा झाली ती मुंबईचा धंदा पळवल्याची. दोन्ही वेळा लिंबायतच्या गल्लीतल्या मराठी घरांत काय बोलले जात होते, हे विचारायला फारसे कोणी गेले नाही. दोन्हीकडचे रेशन, दोन्हीकडची मते, सासर-माहेर दोन राज्यांत, असे जगणाऱ्या या माणसांजवळ दोन समाजांविषयीचे जे ज्ञान आहे, ते कोणा पाहुण्या बातमीदाराला दोन दिवसांत मिळणार नाही.

सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांतही चालतात. मराठी माध्यमातली मुले गुजरात राज्याचा अभ्यासक्रम मराठीतून शिकतात. उन्हाळ्याच्या सुटीत ती साक्री-शिरपूरच्या बाजूला आजोळी जातात, तेव्हा त्यांच्याच वयाच्या मामेभावंडांनी चौथीत ‘शिवछत्रपती’ वाचलेले असते. मामेभावाला सुरतेवरच्या स्वारीची कारणे सांगता येतात. आतेभावाला शहराचा कोट कुठून कुठपर्यंत होता, किल्ला तापीच्या कोणत्या वळणावर आहे, चौक बाजारातून तिथे कसे जायचे, हे सांगता येते. १६६४ चा धडा शिकवायला दोघांना एकाच वर्गात बसवले, तर शिक्षकाचे अर्धे काम तीच दोघे करतील.